डिस्ने वर्ल्डमध्ये हनिमून : जेवणाचा प्लॅन आधी पैसे भरून घ्यावा का?

निशिगंध

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या अखेरीस पुण्यात आमचे लग्न आहे आणि डिसेंबरच्या मध्यावर आम्ही दोघे हनिमूनसाठी फ्लोरिडात ऑर्लंडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये पाच रात्री राहणार आहोत. माझा होणारा नवरा न्यू जर्सीत नोकरी करतो, त्यामुळे प्रवासाची सोय लागली आहे, आणि डिस्नेच्याच आवारातले ॲनिमल किंगडम लॉज हे हॉटेलही पक्के झाले आहे. अडले आहे ते जेवणावर. हॉटेलच्या पॅकेजला 'डिस्ने डायनिंग प्लॅन' जोडता येतो. त्यात जेवणाचे पैसे आगाऊ भरायचे आणि तिथे गेल्यावर खात्यात जमा असलेली जेवणे एकेक करून वापरायची. हा खर्च लग्नाची भेट म्हणून आपण द्यावा, अशी माझ्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांची इच्छा आहे. रक्कम लहान नाही, म्हणूनच ती सत्कारणी लागावी असे मनापासून वाटते.

आमच्या खाण्यापिण्याविषयी थोडे सांगते. मी शाकाहारी आहे. केकमधले अंडे चालते. तो मासे आणि कोंबडी खातो, पण त्यांच्या घरी मार्गशीर्षात मांसाहार होत नाही आणि आमचे तिथले सगळे दिवस मार्गशीर्षातच येतात. मी मद्य घेत नाही, तो क्वचित एखादी बीअर घेतो. लग्नानंतरचा पहिलाच मार्गशीर्ष असल्यामुळे गुरुवारचा उपवास करायचेही मी ठरवले आहे. अशा जोडप्याला हा प्लॅन परवडतो का, की तिथे मेन्यू पाहून पैसे देणे बरे? प्लॅन घेतलेल्यांचे आणि विचारपूर्वक नाकारलेल्यांचे, दोघांचेही मत हवे आहे.

हिशेबनीस

लग्नाच्या आगाऊ शुभेच्छा. प्लॅनची रचना नीट समजून घेतली की निम्मा निर्णय आपोआप होतो, म्हणून आधी ती सांगतो.

करोनाच्या साथीत २०२० साली बंद झालेले हे प्लॅन जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाले आणि सध्या त्यांचे दोन प्रकार आहेत. 'क्विक सर्व्हिस' प्लॅनमध्ये प्रत्येक व्यक्तीला दर रात्रीमागे काउंटरवरची दोन जेवणे आणि एक स्नॅक मिळतो. मोठ्या 'डिस्ने डायनिंग प्लॅन'मध्ये काउंटरवरचे एक जेवण, वेटर वाढतो असे टेबलावरचे एक जेवण आणि एक स्नॅक मिळतो. शिवाय दोन्हींत प्रत्येकी एक मग मिळतो, तो हॉटेलच्या पेयांच्या यंत्रावर कितीही वेळा भरून घेता येतो. पार्कमध्ये मात्र तो चालत नाही. काउंटरवरचे जेवण म्हणजे एक मुख्य पदार्थ आणि एक पेय. टेबलावरचे जेवण म्हणजे मुख्य पदार्थ, गोड पदार्थ आणि पेय, किंवा बुफे. सुरुवातीचे पदार्थ, म्हणजे स्टार्टर, यात येत नाहीत. २१ वर्षांवरील व्यक्तीला पेय म्हणून बीअर, वाइन किंवा कॉकटेल घेता येते. २०२५ सालचा दर प्रौढ व्यक्तीला एका रात्रीमागे लहान प्लॅनसाठी ६०.४७ डॉलर आणि मोठ्यासाठी ९८.५९ डॉलर होता. विक्रीकर त्यात धरलेला आहे, टिप धरलेली नाही. एका खोलीतल्या सर्वांनी संपूर्ण मुक्कामासाठी एकच प्लॅन घ्यावा लागतो, त्यामुळे 'नवऱ्याला प्लॅन, मला नको' असा मार्ग उपलब्ध नाही.

आता तुमचा हिशेब. त्या दराने मोठा प्लॅन दोघांना पाच रात्रींसाठी ९८५.९० डॉलरला पडेल. त्याऐवजी रोख पैसे दिले तर काय होईल, हे मी मेन्यूवरचे शाकाहारी पदार्थ डोळ्यांसमोर ठेवून मांडतो. काउंटरवर साधारण चौदा डॉलरचा पदार्थ आणि पाचाचे शीतपेय मिळून करासह वीस डॉलर होतात. टेबलावर सव्वीस डॉलरचा मुख्य पदार्थ, बाराचा गोड पदार्थ आणि पाचाचे पेय मिळून करासह सेहेचाळीस. स्नॅकचे सात. पेयाचा मग साधारण बावीस डॉलरचा धरला तर दर दिवशी त्याचे साडेचार. बेरीज साडेसत्त्याहत्तर होते. म्हणजे प्रत्येकी रोज एकवीस डॉलर आणि पाच दिवसांत दोघांचे मिळून दोनशेच्या वर डॉलर तुम्ही उगाच जास्त द्याल.

याच हिशेबात शीतपेयाऐवजी सतरा-अठरा डॉलरचे कॉकटेल आणि शाकाहारी पदार्थाऐवजी पन्नास डॉलरचा स्टेक घातला, तर तीच बेरीज सव्वाशेच्या पुढे जाते आणि प्लॅन घेणारा फायद्यात राहतो. प्लॅनचा दर सर्वांना सारखाच आहे, पण त्याचे मोल ताटात काय वाढले जाते यावर ठरते. जो दोन्ही जेवणांना मद्य घेतो, मेन्यूतला सर्वांत महाग मांसाहारी पदार्थ मागवतो आणि जेवणानंतर गोड चुकवत नाही, अशा खवय्याला हा दर सोयीचा आहे. मार्गशीर्षातल्या शाकाहारी जोडप्याला तो सोयीचा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

टॅम्पाकर

हिशेबनीस यांच्या मांडणीला अनुमोदन. फ्लोरिडात राहत असल्यामुळे नातेवाइकांची ही आरक्षणे करून देण्याचे काम वरचेवर माझ्याकडे येते, म्हणून दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट टिपची. टेबलावर जेवलात की अठरा ते वीस टक्के टिप द्यावीच लागते आणि ती प्लॅनच्या बाहेर, तुमच्या खिशातून जाते. दोघांचे शंभर डॉलरचे जेवण झाले तर वीस डॉलर बाजूला काढावे लागतील, आणि पाच संध्याकाळींचे मिळून ते शंभर होतात. 'सगळे आधीच भरले आहे' या समजुतीने आलेल्या जोडप्यांना हा खर्च पहिल्याच रात्री अनपेक्षित वाटतो, आणि सासरच्यांनी दिलेल्या भेटीतून तो भागत नाही, हे आधी माहीत असलेले बरे.

दुसरी गोष्ट हनिमूनच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. लोक ज्या जेवणांची स्वप्ने पाहून येतात ती बहुतेक 'सिग्नेचर', म्हणजे खास आणि महागड्या, वर्गातली असतात आणि तिथे एका माणसामागे टेबलाची दोन जेवणे वजा होतात. कंटेम्पररी हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावरचे कॅलिफोर्निया ग्रिल, जिथून मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कमधली आतषबाजी दिसते, त्याच वर्गातले आहे. मॅजिक किंगडमच्या किल्ल्यातले सिंड्रेलाज रॉयल टेबलही तसेच. पाच रात्रींत प्रत्येकी टेबलाची पाच जेवणे मिळतात. अशा दोन खास संध्याकाळी केल्या की चार संपली आणि उरले एक. मग उरलेल्या दिवसांत रात्रीचे जेवणही काउंटरवर रांगेत उभे राहून घ्यावे लागते. ग्रँड फ्लोरिडियन हॉटेलातले व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट्स हे रेस्टॉरंट तर प्लॅनमध्ये येतच नाही.

हिशेबनीस

टॅम्पाकर यांच्या मुद्द्याला आकड्यांची जोड देतो. दोन्ही प्लॅनमध्ये फरक एवढाच आहे की काउंटरवरच्या एका जेवणाच्या जागी टेबलावरचे एक जेवण येते, आणि त्यासाठी ३८.१२ डॉलर जास्त मोजावे लागतात. लहान प्लॅनमधून स्नॅक आणि मगचे पैसे वजा केले तर काउंटरवरचे एक जेवण साडेचोवीस डॉलरला पडते. त्यात हे अडतीस मिळवले की टेबलाच्या एका जेवणासाठी आपण बासष्ट-त्रेसष्ट डॉलर आधीच भरलेले असतात. हा आकडा लक्षात ठेवावा आणि ज्या ज्या ठिकाणी जेवायचे मनात आहे तिथले मेन्यू डिस्नेच्या संकेतस्थळावर उघडून, गोड पदार्थ, पेय आणि साडेसहा टक्के कर धरून आपले जेवण त्रेसष्टच्या वर जाते का, ते पाहावे.

कॅलिफोर्निया ग्रिलचे तीन टप्प्यांचे ठरावीक जेवण नव्वद डॉलरच्या घरात आहे. शीतपेय आणि कर धरून ते शंभरपर्यंत जाते. प्लॅनमधून गेलात तर दोन जेवणे, म्हणजे सव्वाशे डॉलर खर्ची पडतात. मद्य न घेणाऱ्या माणसाने तिथे सरळ पैसे देऊन जेवावे, हेच शहाणपणाचे आहे.

अबोली

आकड्यांशी माझा वाद नाही, तरीही विरुद्ध बाजू मांडते. आम्ही लग्नानंतर तिथे गेलो तेव्हा मोठा प्लॅन घेतला होता आणि त्याचे समाधान आजही आहे.

आपल्याकडून गेलेले नवे जोडपे मेन्यू उघडते तेव्हा आधी उजवीकडचे आकडे वाचते आणि मनातल्या मनात त्यांना रुपयांनी गुणते. बारा डॉलरचा केक म्हणजे हजार रुपयांच्या वर, हा विचार एकदा डोक्यात शिरला की 'मला नको, तूच घे' हे वाक्य प्रत्येक जेवणात येते. आमचे लग्न ठरवून झालेले होते, एकमेकांची पुरेशी ओळख नव्हती आणि पैशाविषयी मोकळेपणाने बोलण्याइतका सहवासही नव्हता. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे दोघांनीही संकोच न करता मनासारखे मागवले. हे मोल बेरजेत दिसत नाही, पण हनिमूनला गेलेल्या माणसांसाठी ते खरे आहे. मोठ्यांनी प्रेमाने दिलेल्या भेटीतही तोच हेतू असतो, की मुलांनी तिथे हात आखडता घेऊ नये.

जेवणाच्या पावतीवर खात्यात किती जेवणे आणि स्नॅक उरले ते छापून येते आणि मोबाइलवरच्या ॲपमध्येही दिसते, त्यामुळे मोजदाद ठेवणे मुळीच अवघड जात नाही. दोघांची जेवणे एकाच खात्यात असतात, त्यामुळे एकाने कमी वापरली तर दुसऱ्याला ती वापरता येतात.

वाटसरू

अबोलीताईंचा मुद्दा पटतो, परंतु त्या मोकळेपणाची दुसरी बाजूही पाहावी. पैसे भरून झाले की जेवणे 'संपवण्याचे' बंधन येते. निघण्याच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत जे वापरले नाही ते बुडते, त्याचे पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे शेवटच्या दिवशी भूक नसताना केक आणि प्रेट्झेल घेऊन पिशव्या भरणारी माणसे तिथे नेहमी दिसतात.

शिवाय अमेरिकेतले एकेक ताट आपल्या दोघांना पुरेसे होते. आपण माणसे वाटून खाणारी. एक पदार्थ, दोन प्लेट आणि शेवटी एकच आइस्क्रीम, एवढ्यात जेवण होते. प्लॅनमध्ये प्रत्येकाचे ताट, प्रत्येकाचे गोड आणि प्रत्येकाचे पेय धरूनच दर लावलेला आहे, त्यामुळे वाटून खाण्यातून होणारी बचत हाती लागत नाही. काउंटरवर पिण्याचे बर्फाचे पाणी फुकट मिळते, हेही ध्यानात घ्यावे. पेयासाठी आधी पैसे भरून पुन्हा पाणीच पिणारे आपल्यात बरेच असतात.

डिस्नेच्या पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ स्वतःपुरते नेता येतात. काचेची भांडी आणि मद्य तेवढे चालत नाही. न्यू जर्सीतून निघणार असाल तर एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून थेपले, चिवडा आणि राजगिऱ्याचे लाडू घ्यावेत. सकाळचा नाश्ता खोलीत उरकला की दिवसभरात एकच मोठे जेवण लागते, आणि मग दिवसाला दोन जेवणांचा प्लॅन कोणासाठी घ्यायचा, हा प्रश्न उरतो.

निशिगंध

सर्वांचे आभार. अबोलीताई, तुम्ही लिहिलेला संकोच आम्हा दोघांनाही वाटेल हे मला आत्ताच जाणवते आहे, आणि म्हणूनच प्लॅन पूर्णपणे सोडवत नाही. दोन शंका आहेत. गुरुवारी मी दिवसभर काही खाणार नाही, तर त्या दिवसाची जेवणे बुडतील का? आणि आमच्या हॉटेलातच 'साना' नावाचे भारतीय चवीचे रेस्टॉरंट आहे असे वाचले, तिथे प्लॅन चालतो का?

टॅम्पाकर

जेवणे दिवसाला बांधलेली नसतात. खोली ताब्यात घेतली की पाच रात्रींची सगळी जेवणे एकदम खात्यात येतात, ती कोणत्याही दिवशी कशीही वापरता येतात. गुरुवारची बुधवारी किंवा शुक्रवारी वापरता येतील. मात्र एका दिवशी टेबलावरची दोन जेवणे जेवायची म्हणजे पार्कमधले तीन तास त्यात जातात, हे लक्षात घ्यावे.

साना तुमच्या हॉटेलच्या किदानी व्हिलेज या इमारतीत आहे. आफ्रिकी पदार्थांना भारतीय मसाल्यांची जोड, असा तिथला स्वयंपाक आहे. मोठ्या काचांपलीकडे लगेच सवाना, म्हणजे गवताळ रान, सुरू होतो, आणि उजेड असताना गेलात तर जेवताना जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. तिथला 'ब्रेड सर्व्हिस' हा प्रकार प्रसिद्ध आहे. नान, कुलचा आणि पनीर पराठा यांसारख्या पाच रोट्या निवडायच्या आणि त्यांच्याबरोबर छोट्या वाट्यांतून नऊ तोंडीलावणी येतात; आंब्याची चटणी, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, काकडीची कोशिंबीर, लसणाचे लोणचे असा तो थाट असतो. दोघांचे पोट त्यात व्यवस्थित भरते आणि उपवास सोडायला त्याहून चांगली जागा त्या आवारात नाही. पण मेन्यूमध्ये तो स्टार्टरमध्ये मोडतो, आणि स्टार्टर प्लॅनमध्ये नाहीत. म्हणजे ज्या एका पदार्थासाठी तुम्ही तिथे जाल, त्याचे पैसे प्लॅन असूनही वेगळे द्यावे लागतील.

तुमच्याच हॉटेलच्या जाम्बो हाउस इमारतीत बोमा हे बुफे रेस्टॉरंट आहे. रात्रीचा बुफे साठ डॉलरच्या आसपास असतो, म्हणजे हिशेबनीस यांच्या त्रेसष्टच्या कसोटीला तो बरोबर उतरतो. सूप, भाज्या, कडधान्ये आणि भाताचे प्रकार भरपूर असल्यामुळे शाकाहारी माणूस तिथे उपाशी राहत नाही. तिथली झेब्रा डोम नावाची मिठाई लोक आवर्जून खातात, परंतु तिच्यात अमारुला या आफ्रिकी मद्याचा अंश असतो, हे तुम्हाला माहीत असावे. एकूणच मूससारख्या मऊ गोड पदार्थांत प्राण्यांपासून काढलेले जिलेटिन असू शकते, म्हणून शेफला विचारावे. आहाराविषयी विचारले की शेफ स्वतः टेबलाशी येऊन बोलतात, त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पूर्णपणे वनस्पतिजन्य पदार्थांपुढे मेन्यूत पानाचे चिन्ह असते.

मेघना_ह्यूस्टन

काउंटरवरच्या शाकाहारी जेवणासाठी ॲनिमल किंगडम पार्कमधले सातुली कँटीन अवश्य पाहा. तिथे टोफू घालून भात किंवा नूडल्सचा वाडगा मिळतो, तो तिखटही असतो. मॅजिक किंगडममध्ये अननसाचे डोल व्हिप, म्हणजे आइस्क्रीमसारखा थंड गोड पदार्थ, चुकवू नका. त्यात दूधही नसते. कधी कधी डिस्नेकडून पूर्ण दराच्या पॅकेजवर जेवणाचा प्लॅन फुकट देण्याची योजना असते. तशी योजना दिसली तरी त्याच काळात खोलीवर मिळणारी सवलत किती आहे ते आधी ताडून पाहावे, कारण दोन्ही सवलती एकत्र मिळत नाहीत.

हिशेबनीस

अबोलीताईंनी मांडलेली अडचण आणि माझा हिशेब, दोन्ही सांभाळणारा एक मार्ग सुचवतो. सासू-सासऱ्यांनी जी रक्कम प्लॅनसाठी ठरवली आहे तेवढ्याच रकमेची डिस्ने गिफ्ट कार्डे तुमच्या होणाऱ्या नवऱ्याने अमेरिकेत विकत घ्यावीत. ती डिस्नेच्या हॉटेलांत, रेस्टॉरंटांत आणि दुकानांत चालतात, टिपही त्यातून देता येते आणि त्यांना मुदत नसते. पैसे आधीच बाजूला काढलेले असल्यामुळे केक मागवताना रुपयांनी गुणावे लागणार नाही, आणि जे खाल्ले नाही त्याचे पैसे मध्यरात्री बुडणारही नाहीत. ९८५ डॉलरमध्ये कॅलिफोर्निया ग्रिलची एक रात्र, बोमाची एक रात्र, सानामध्ये उपवास सोडणे, बाकीच्या दिवशी काउंटरवरचे जेवण आणि सगळ्याची टिप, एवढे बसून काही रक्कम उरते.

अबोली

हा मार्ग मलाही मान्य आहे. आमच्या वेळी कोणी सुचवला असता तर आम्हीही विचार केला असता. फक्त निशिगंध, ती कार्डे जेवणासाठीच वापरायची, असे दोघांनी जाण्यापूर्वी ठरवून घ्या. पार्कमधली दुकाने फार मोहात पाडतात आणि मग जेवणात काटकसर सुरू होते.

निशिगंध

काल रात्री आम्ही दोघांनी मेन्यू समोर ठेवून फोनवर त्रेसष्टची, आणि कॅलिफोर्निया ग्रिलला दोन जेवणांच्या सव्वाशेची, कसोटी लावून पाहिली. बोमा सोडले तर आम्ही निवडलेल्या एकाही ठिकाणी आमचे जेवण तेवढ्याला पोहोचत नाही. त्यामुळे प्लॅन घ्यायचा नाही, असे ठरले आहे. सासूबाईंना गिफ्ट कार्डाची कल्पना आवडली. त्यांचे एकच म्हणणे आहे की आतषबाजी दिसते त्या ठिकाणचे जेवण त्यांच्याच पैशांतून व्हायला हवे. आता फक्त कॅलिफोर्निया ग्रिलला जागा कशी मिळवायची, तेवढे सांगा.

टॅम्पाकर

टेबलांची आरक्षणे ६० दिवस आधी उघडतात, आणि तुम्ही डिस्नेच्या हॉटेलात राहणार असल्यामुळे पोहोचण्याच्या दिवसाच्या ६० दिवस आधी संपूर्ण मुक्कामाची आरक्षणे एकाच वेळी करता येतील. त्यासाठी प्लॅन असण्याची अट नाही. संकेतस्थळावर ती पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार सकाळी सहाला सुरू होतात. तुमची तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळीच्या तोंडावर येईल आणि तेव्हा पुण्यात दुपारचे साडेतीन वाजलेले असतील, म्हणून हे काम तुम्हीच हाती घ्या. न्यू जर्सीत ती पहाट असेल. आधी कॅलिफोर्निया ग्रिल, मग साना, मग बोमा या क्रमाने जा. आतषबाजीच्या वेळेचे टेबल मिळाले नाही तर त्याआधीचे घ्या; जेवणाची पावती दाखवून आतषबाजीसाठी पुन्हा वर जाता येते. आरक्षणासाठी कार्डाचा क्रमांक द्यावा लागतो. बेत बदललाच तर जेवणाच्या वेळेपूर्वी किमान दोन तास आधी रद्द करा, नाहीतर माणशी दहा डॉलर दंड बसतो. गुरुवारचे साना सूर्यास्ताच्या तासभर आधीचे घ्या. डिसेंबरमध्ये तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यानंतर जिराफ दिसत नाहीत.